रंगारीबाईंचे खोटे उमेदवार

रंगारीबाईंशी माझी ओळख होण्याआधीच त्यांच्यामुळे माझ्या घरात भांडण झालं.

एका शनिवारी संध्याकाळी मी नागपूरहून सावनेरला घरी पोचलो, तर बायको दारातच उभी. हातात आमच्याच कार्यालयाचं मुलाखतीचं छापील कार्ड. त्यावर नाव, 'कु. चंद्रकला भुते'. खाली पत्ता, 'द्वारा श्री. देवतळे, सावनेर'.

"अवो, ही चंद्रकला कोण?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"कार्ड तुमच्या ऑफिसातलं, पत्ता तुमच्या घरचा, अन् तुम्हालेच माहीत नाही?"

आतून आई म्हणाली, "एकटीच हाय का लेकरंबाळं हायेत, ते तरी सांग बाप्पा."

रविवार असा गेला की सांगायची सोय नाही. सोमवारी मी कार्यालयात माझ्या टेबलाशी बसतो न बसतो तोच नव्या कॉम्प्युटरच्या खोलीतली एक बाई समोर येऊन उभी राहिली. सावळी, उंच, मनगटावर पुरुषी घड्याळ. तोवर मी तिला फक्त काचेपलीकडून पाठमोरी पाहिलं होतं.

"चंद्रकला भुतेचं कार्ड आलं का?"

"तुम्ही पाठवलं ते?"

"आलं का ते सांगा. कोणत्या दिवशी?"

"शनिवारी."

त्यांनी हातातल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "छापलं होतं त्याच्या आधीच्या मंगळवारच्याही आधीच्या मंगळवारी. म्हणजे तुमच्या टेबलावरून तुमच्या घरी जायले त्याले अकरा दिवस लागले. पायी निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी पोचलं असतं."

मी संतापून म्हणालो, "बाई, तुम्ही माझ्या घरात भांडण लावलं."

"भांडण तर वेळेवर पोचलं असतं तरी लागलंच असतं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ही ऐंशीनंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. आमचं कार्यालय सरकारी नोकरभरतीचं होतं; नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यातला मीही एक आहे. तलाठी, कारकून, टंकलेखक अशा जागांसाठी विदर्भातून हजारो अर्ज यायचे. निवडलेल्यांना मुलाखतीची कार्डं जायची. आधी ती चार मुली टंकयंत्रावर ठोकत. मग कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची थंड खोली झाली, बाहेर चपला काढायचा नियम झाला, यंत्राला हार घालून नारळ फोडला गेला. आणि त्या यंत्राबरोबर प्रमिला रंगारी आल्या. संख्याशास्त्रात एम.एस्सी., यंत्राचं शिक्षण घेतलेल्या, वय पस्तिशीच्या आसपास. यंत्रात अर्ज भरले की कार्डं आपोआप छापून बाहेर पडत, एकाला एक जोडलेली, गव्हाच्या लोंब्यांसारखी लांबलचक. ती तोडून, तालुक्याप्रमाणे गठ्ठे बांधून, रजिस्टरात चढवून पोस्टात धाडायची हे काम जावक विभागाचं. म्हणजे माझं.

कार्यालयाला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. त्याचं एक कारण सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. "कोट्यातून आलेली दिसते," असं कँटीनमध्ये उघड बोललं जाई आणि मी तिथं हसणाऱ्यांत होतो. एकदा लेखा विभागातल्या एकानं सगळ्यांच्या देखत, अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही कोणते रंगारी?" बाईंनी डबा बाजूला सारला. म्हणाल्या, "छप्पन्न साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती, ते रंगारी. बाप मिलमध्ये होता. घर इंदोऱ्यात. आणखी काही विचारायचं आहे का, का जेवू?" त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर कोणी जेवायला बसलं नाही. त्यांनाही कोणी हवं होतं असं दिसलं नाही. ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, जेवताना एका हातात कसली तरी छापील यादी, आणि ओठ हलत असायचे.

दुसरं कारण मात्र त्यांनी स्वतः दिलं होतं. ते म्हणजे खोटे उमेदवार.

बाईंनी यंत्राला असं शिकवून ठेवलं होतं की खऱ्या उमेदवारांच्या प्रत्येक खेपेत ते आपोआप आठ खोटे उमेदवार मिसळी. नावं बनावट, पत्ते मात्र खरे. कुही, कोराडी, सावनेर, असे ठिकठिकाणचे चाळीसेक पत्ते त्यांनी गोळा केले होते. त्यांचे मामा, मावश्या, वर्गमैत्रिणी, आणि विचारल्याशिवाय आमच्यासारखे काही. चाळीसांतले कोणते आठ, हे यंत्रच ठरवी, बाईंनाही आधी कळत नसे. कार्ड हाती पडलं की त्या माणसानं एका पोस्टकार्डावर तारीख लिहून उलट टपाली धाडायची. आलेल्या तारखा बाई यंत्रात भरत आणि दर सोमवारी यंत्र एक यादी छापी: कोणाचं कार्ड किती दिवसांत पोचलं, कोणाचं चुकीच्या गावी गेलं, कोणाचं पोचलंच नाही. ती यादी त्या साहेबांच्या परवानगीनं सूचनाफलकावर लावत.

त्यांना आम्ही म्हणायचो, "बाई, आम्ही कार्ड टाकलं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "टाकलं हे तुमचं झालं. पोचलं का? उमेदवार रजिस्टर पाहायले येते का तुमचं?"

फलकावर आमच्या विभागाची लाज टांगलेली असायची. खरं तर त्यात लपवण्यासारखं मोठं पाप नव्हतं. पोतं भरल्याशिवाय शिपायाला पोस्टात धाडायचं नाही, हा आमचा जुना शिरस्ता. पोतं आठवड्यानं भरलं तर आठवड्यानं जाई. रजिस्टरात तारीख मात्र छापल्या दिवसाची पडे. सगळे असंच करत आले होते. हे चूक आहे, असं त्याआधी कोणी मोजून दाखवलं नव्हतं, इतकंच.

त्या स्वतःलाही सोडत नसत, हेही सांगतो. एकदा एका खोट्या उमेदवाराचं कार्ड अर्ध्याच पत्त्याचं छापून निघालं. बाईंनी ती अख्खी खेप थांबवली, तीनशे कार्डं फाडली आणि सोमवारच्या यादीत सर्वांत वर छापलं: 'चूक, प्रमिला रंगारी यांची.' आम्हाला त्यात मोठेपणा दिसला नाही. आम्ही आठवडाभर टाळ्या पिटल्या.

माझं वैर पक्कं झालं ते गोतमारेकाकांवरून. काका माझ्या हाताखाली गठ्ठे बांधायचे. निवृत्तीला सात महिने उरले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण कोणाला सांगत नसत. त्यांनी कुहीची कार्डं काटोलच्या गठ्ठ्यात बांधली. तीनदा. तिन्ही वेळा खोट्या उमेदवाराचं कार्ड त्यात होतं आणि तिसऱ्यांदा बाईंनी यादीत काकांचं नाव छापलं. साहेबांनी काकांना मेमो दिला आणि खालच्या स्टोअरमध्ये बसवलं, जिथं जुन्या खुर्च्या आणि उंदीर होते.

मी काचेच्या खोलीत गेलो, चपला न काढता. "काकांचं नाव काढा यादीतून."

"चुकीले नाव असते, देवतळे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "नाव काढलं का ती कोणाचीच राहत नाही. मग रोज होते."

"म्हातारा माणूस आहे. दिसत नाही त्यांना."

"हे तुम्हाले माहीत होतं?"

मी मान हलवली.

"माहीत होतं, अन् कार्ड वाचायचं काम त्यालेच काहून दिलं? डोळे दाखवा त्याचे. अन् चपला काढा, मशीनले धूळ चालत नाही."

बाहेर येऊन मी विभागाला सांगितलं, ही बाई माणूस नाही. सगळ्यांना पटलं. काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र आमच्यातल्या कोणीच नेलं नाही. मीही नाही.

सूड घ्यायचा रस्ता मला आठ-दहा दिवसांत सापडला. कार्डं चाळताना एकदा लक्षात आलं की खोट्या उमेदवारांच्या नावांत बापाचं नाव नसतं. 'शालिनी गोविंदा चाचेरे' ही खरी. 'चंद्रकला भुते' ही खोटी. खऱ्या माणसाचं अर्जावरचं नाव तीन शब्दांचं असतं, बाईंनी रचलेली नावं दोन शब्दांची होती. मग काय, खेप आली की पाच मिनिटांत आठही कार्डं वेगळी काढायचो. ती त्याच दुपारी शिपायाच्या हातानं पोस्टात. बाकीची पोत्यात, पोतं भरेपर्यंत.

सोमवारच्या याद्या एकदम सुंदर झाल्या. दुसऱ्या दिवशी पोचलं, दुसऱ्या दिवशी पोचलं, तिसऱ्या दिवशी पोचलं. साहेब खूश झाले. वरून कोणी तपासायला आलं की फलकापुढे उभे राहून स्वतः यादी दाखवायचे. आम्हाला शाबासकीचं पत्र मिळालं. कार्यालयात एकट्या रंगारीबाई नाखूश होत्या. माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या, गठ्ठ्यांकडे बघायच्या.

"सगळंच बरोबर येऊन राहिलं," त्या म्हणायच्या. "मले हे आवडत नाही."

मी विभागाकडे वळून मोठ्यानं म्हणायचो, "ऐका! चूक सापडली तरी यांना त्रास, नाही सापडली तरी त्रास!" आणि सगळे हसायचे. तीन महिने मी असा जिंकत राहिलो.

एप्रिलात, भर दुपारी, खिडकीशी एक मुलगी आली. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, शिपाई त्यावर पाणी मारत होता. तिनं पडदा हातानं सारून कार्ड आत धरलं. कुहीची होती. शालिनी गोविंदा चाचेरे.

"सर, मुलाखत सोमवारी होती. कार्ड मले मंगळवारी भेटलं. आता काय करू?"

मी कार्ड घेतलं. पोस्टाचा शिक्का स्पष्ट होता. छापल्यापासून दहाव्या दिवशी कार्ड पोस्टात पडलं होतं. त्या क्षणी मला एवढंच सुचलं की हे कार्ड त्या मुलीच्या हातात परत जाता कामा नये.

"आम्ही वेळेवर टाकलं होतं," मी म्हणालो. रजिस्टर उघडून तारखेवर बोट ठेवलं. "हे बघ. पोस्टातूनही वेळेवरच आलं असणार. घरी विचार, कोणी दाबून ठेवलं का."

मी ते सहज बोललो. खिडकीशी आलेल्याला वाटेला लावायला आपण जे बोलतो, तसं. पण मुलीचा चेहरा बदलला. पडदा धरलेला तिचा हात तसाच राहिला. "माझा भाऊ..." एवढंच म्हणाली. "तो म्हणतच होता, नोकरीले नाही जाऊ देत म्हणून."

"मग झालं तर," मी म्हणालो आणि कार्ड रेकॉर्डसाठी म्हणून खणात टाकलं.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. या वेळी माझ्याकडे नाही. पुढची भरती कधी, ते फलकावर पाहायला आली असावी. तिथं आमच्या विभागाची ती सुंदर यादी लागलेली होती, आणि ती वाचत तिथंच रडत उभी होती. रंगारीबाई तिला आत घेऊन गेल्या. अर्ध्या तासानं माझ्या टेबलाशी आल्या.

"चाचेरेचं कार्ड द्या."

"कोणतं कार्ड?"

त्या हलल्या नाहीत. उभ्या राहिल्या. मी रजिस्टर उघडलं, मिटलं, शिपायाला हाका मारल्या. चार वाजले. पाच वाजले. लोक डबे घेऊन घरी निघाले, वळून वळून आमच्याकडे बघत. साडेपाचला मी खण उघडून कार्ड दिलं.

त्यांनी आपल्या पर्समधून दुसरं कार्ड काढलं. त्याच खेपेतलं, कुहीचंच, त्यांच्या मामाच्या पत्त्यावर गेलेलं आणि मामानं त्यांना आणून दिलेलं, खोट्या उमेदवाराचं. दोन्ही शेजारी ठेवली आणि शिक्क्यांवर भिंग धरलं.

"एका दिवशी छापले. एका गावाले जायचे होते. हे त्याच दिवशी गेलं अन् हे दहाव्या दिवशी. काहून?"

मी खण बंद केला. त्यांनी दोन्ही नावं पुन्हा वाचली. बराच वेळ वाचत होत्या. मग खुर्ची ओढून बसल्या. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"बापाचं नाव घालायचं विसरली मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तीन महिने मी तुमचं पोस्ट तपासून राहिली होती, अन् तुम्ही फक्त माझ्यासाठी पोस्ट चालवून राहिले होते." मग माझ्याकडे पाहिलं. "तिले काय सांगितलं होतं तुम्ही खिडकीवर?"

मी सांगितलं.

"तिनं घरी विचारलं. भावानं आईची शपथ घेतली, हिनं ऐकलं नाही. बापानं हात उचलला त्याच्यावर. पोरगा घर सोडून गेला." त्या उठल्या. "उद्या सकाळी सात वाजता कुहीची बस आहे. तुम्ही यायचं. तिच्या बापापुढं बसून तुमच्या तोंडानं सांगायचं. नाही आले, तर परवा हे दोन कार्ड फलकावर लागतील, तुमच्या नावासकट."

मी गेलो तो भीतीनं गेलो. पश्चात्ताप वगैरे शब्द मला नंतर सुचले.

बसमध्ये त्या पुढे बसल्या, मी मागे. बाहेर धानाची बांध्या-बांध्यांची रिकामी शेतं, उन्हानं भेगाळलेली. दोन तासांनी कुही आलं. चाचेऱ्यांचं घर गावाच्या टोकाला, कवेलूचं म्हणजे कौलारू, ओसरीवर धानाच्या कोठ्या. कार्यालयातून साहेब आलेत म्हटल्यावर धावपळ झाली. माझ्यासाठी बाजेवर चादर टाकली. मुलीची आई कैरीचं पन्हं घेऊन आली. बाईंना बसा म्हणावं, हे कोणाला सुचलं नाही. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. बाप, गोविंदा चाचेरे, हात जोडून म्हणाला, "सायब, पोरीचं काही होईन का?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, कार्यालयीन पद्धतीनुसार जावक विभागात काही अपरिहार्य दिरंगाई..."

"देवतळे," बाई दारातून म्हणाल्या. "मराठीत सांगा."

"कार्ड उशिरा पाठवलं गेलं," मी म्हणालो.

"कोणी?"

"मी. माझ्याकडे दहा दिवस पडून होतं. मीच ठेवलं होतं."

आई पन्ह्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती, ती खाली बसली. शालिनी आतल्या दारातून पुढे आली.

"पुंडलिकानं दाबलं नव्हतं?"

"नाही."

"घरी कार्ड आलंच मंगळवारी?"

"हो."

"तुम्ही मले सांगितलं होतं, घरी विचार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी विचारलं ना, सर."

बाप उठला, अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "सावनेरच्या अंगाले कोळशाच्या खाणीत कामाले लागला म्हणते. गाव सांगितलं नाही त्यानं."

परतीच्या बसमध्ये बाई माझ्या पुढच्याच बाकावर होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "सावनेर तर तुमचंच ना? आता भावाले कोण सांगेल?"

दुसऱ्या दिवशी मी लेखी जबाब दिला. बाईंनी यंत्राकडून उशिरा गेलेल्या कार्डामुळे मुलाखत हुकलेल्यांची नावं काढून घेतली. एका त्या मुलाखतीपुरती एकवीस होती. साहेबांना प्रकरण तिथंच मिटवायचं होतं. "शाबासकीचं पत्र गेलेलं आहे, बाई, आता काय त्यांना सांगू?" असं ते म्हणाले ते मी ऐकलं. बाईंनी अहवाल त्यांना डावलून वर पाठवला, आणि त्यात आपली चूकही लिहिली: 'खोट्या नावांत वडिलांचे नाव न घातल्याने चाचणी ओळखता आली.' वरून हुकूम आला, एकवीस जणांची मुलाखत पुन्हा घ्या. ती झाली. शालिनी आली होती, नापास झाली. मी हळहळलो तर बाई म्हणाल्या, "तुम्ही नका हळहळू. आता ती तिची ती नापास झाली."

शिक्षा दोघांनाही झाली. माझी बदली चंद्रपूरला ठरली. आणि रंगारीबाईंना साहेबांनी काचेच्या खोलीतून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. चाचणी बंद. 'यंत्रावर अनावश्यक ताण पडतो,' असं टिपणात लिहिलं होतं.

चंद्रपूरला जायच्या आधी मी तीन रविवार खाणीच्या वस्त्यांत हिंडलो. तिसऱ्या रविवारी पुंडलिक सापडला. बावीस-तेवीस वर्षांचा, नळावर अंग धूत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं पुरतं ऐकून घेतलं, टॉवेलला हात पुसले आणि माझ्या थोबाडीत मारली. मग म्हणाला, "जा आता."

सोमवारी मी जुन्या कागदांच्या खोलीत गेलो. बाई एका फायलीवरची धूळ झटकत होत्या. मी सांगितलं.

"कोणत्या गालावर?"

"डाव्या."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. मग लगेच, "अन् तो घरी गेला का?"

"ते विचारलं नाही."

"मग इथं काय सांगून राहिले? पाहून या."

पुढच्या रविवारी मी पुन्हा कुहीला गेलो. या वेळी एकटा. घरापर्यंत गेलो नाही. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली थांबलो. चाचेऱ्यांच्या छपरावर एक जण कवेलू फेरत होता आणि खालून बहीण एकेक कवेलू वर देत होती. ती देत होती, तो घेत होता. एकदा त्याच्या हातून कवेलू सुटून अंगणात फुटला, आणि तिनं त्याला काहीतरी शिवी हासडली. मी तिथूनच परतलो.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या ऐकताना फायलीतल्या पानांवर क्रमांक घालत होत्या. मी म्हणालो, "बाई, मला माफ करा."

"मले काहून मागून राहिले? माझं काय घेतलं तुम्ही?"

"ती मशीनची खोली."

त्या थांबल्या. पेन्सिल कागदावर टेकलेली होती. "ती तुम्ही नाही घेतली," त्या म्हणाल्या. "अहवाल वर जाऊन राहिला तेव्हा मले माहीत होतं काय होईल ते. ती मी माझ्या हातानं देऊन आली. तुमच्या अंगावर नका घेऊ, तेवढी तुमची लायकी नाही."

आमचं हे शेवटचं बोलणं. मी चंद्रपुरात सहा वर्षं काढली. मधल्या काळात त्यांची बदली झाली, मग आणखी एक झाली. यंत्राच्या खोलीत त्यांना पुन्हा कधी बसवलं की नाही, मला माहीत नाही. मी परत नागपूरला आलो त्याच वर्षी वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात त्यांचा फोटो दिसला. आजारानं गेल्या होत्या.

पुण्यानुमोदनाला मी नागपुरातल्याच इंदोऱ्यात त्यांच्या घरी गेलो. लहानसं घर, बाहेर मंडप, पांढरे कपडे घातलेली माणसं. वंदना झाली. त्यांच्यासारखीच उंच, सावळी एक बाई चहाचे कप घेऊन रांगेनं फिरत होती. त्यांची धाकटी बहीण, शाळेत शिक्षिका. माझ्यापाशी येऊन थांबली. कप माझ्यापुढे धरत म्हणाली, "तुम्ही ताईच्या ओळखीचे?"

"एकाच कार्यालयात होतो," मी म्हणालो. "देवतळे."

"जावकमधले?"

"हो."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मग तिनं तो कप माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाकडे गेली.

मी कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिलो.